दिवस पाळावा कसा?

आमच्या मंडळीच्या फाटकाजवळ भिंतीला एक काळा फळा लावलेला आहे. तरुण संघाची मुले रोज सकाळी त्यावर खडूने त्या दिवसाच्या शास्त्रपाठाचा संदर्भ लिहितात आणि त्याखाली 'दिनविशेष' लिहितात. आज कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, याच तारखेला पूर्वी काय घडले, हे तीन-चार ओळींत बसवायचे असते, कारण फळा लहान आहे. येणारे-जाणारे थांबून वाचतात. ख्रिस्ती नसलेले शेजारीही वाचतात, आणि शाळेला निघालेली मुले ते वहीत उतरून घेतात.

गेल्या ९ नोव्हेंबरला मुलांनी लिहिले होते: 'महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा स्मृतिदिन (१९६२). कवी मुहम्मद इक्बाल यांचा जन्म (१८७७). बर्लिनची भिंत खुली झाली (१९८९).' दुपारी मंडळीतील एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक, ज्यांना लहानथोर सगळे गुरुजी म्हणतात, फळ्यापाशी आले. त्यांनी खडू घेतला आणि खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत चौथी ओळ लिहिली: 'जर्मनीत यहूद्यांची सभास्थाने जाळली (१९३८).' संध्याकाळी मुले आली ती नाराज झाली. "गुरुजी, भिंत खुली झाली तो आनंदाचा दिवस. त्यात हे कशाला घातले?" गुरुजी म्हणाले, "बाळांनो, दिवस तोच आहे. मी कोठून दुसरा आणला नाही." मुले निवाड्यासाठी आमच्याकडे आली. आम्ही "विचार करून सांगू" असे म्हणून वेळ मारून नेली.

खरे सांगायचे तर वेळ मारून नेण्याची आमची ती त्याच पंधरवड्यातली दुसरी खेप होती. आमचे गाव बेळगावकडील सीमाभागातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली आणि निरनिराळ्या राज्यांत विखुरलेले कन्नड मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्याला जोडले गेले. १९७३ साली त्याच तारखेला त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. विखुरलेली भावंडे एका घरात आली, म्हणून कन्नड लोक हा दिवस राज्योत्सव म्हणून पाळतात. लाल-पिवळे ध्वज लागतात, मिरवणुका निघतात. परंतु त्याच दिवशी सीमेवरची मराठी माणसे मराठी मुलखापासून तुटली, म्हणून ती हाच दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. दंडाला काळी फीत बांधून ती फेरी काढतात. गाव एकच, सकाळ एकच. एका घरावर तोरण आणि शेजारच्या घराचे दार लावलेले.

आणि आमच्या चर्चमध्ये त्याच बाकांवर आधी मराठी उपासना होते व मग कन्नड उपासना. चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवसही होय. त्या निमित्ताच्या उपासनेत गेल्या वर्षी उपदेश आमच्याकडे होता. प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांची नावे वाचली, संतांच्या सहभागितेवर बोललो, आणि फाटकाबाहेरच्या रस्त्याविषयी चकार शब्द काढला नाही. मुलांनाही फळ्यावर 'सर्व संतांचा दिवस' एवढेच लिहायला सांगितले. कोणी दुखावले नाही. पण उपासना संपल्यावर मराठी मंडळी एका दाराने बाहेर गेली, कन्नड बंधुभगिनी दुसऱ्या दाराने आत आली, आणि सलामाखेरीज कोणी कोणाशी बोलले नाही. संतांच्या सहभागितेवर आम्ही दिलेला उपदेश त्या दोन दारांच्या मध्येच राहिला.

म्हणून मुलांचा प्रश्न लहान वाटला तरी लहान नाही. एकाच तारखेवर आनंद आणि शोक, मान आणि लाज असे दोन्ही येऊन पडले तर माणसाने ती तारीख कशी पाळावी? आपल्या दारासमोरच्या दिवसाविषयी नि:पक्षपाती विचार करणे कठीण जाते. तेव्हा वाचकहो, आधी आपण दूरच्या ९ नोव्हेंबरकडेच जाऊ. तेथे आपला कोणताही पक्ष नाही, निदान आरंभी तरी तसे वाटते.

वर्षाचे दिवस फार तर तीनशे सहासष्ट आणि माणसांचा इतिहास हजारो वर्षांचा. साहजिकच एकेका तारखेवर गर्दी होणार. महर्षी कर्वे आणि कवी इक्बाल यांची नावे एका फळ्यावर आली, यात योगायोगापलीकडे काही नाही. कर्व्यांचे नाव वाचून आपल्या मंडळ्यांना पंडिता रमाबाईंचे शारदा सदन आठवावे हे योग्यच आहे, कारण त्या सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवा भगिनीशी कर्व्यांनी १८९३ साली विवाह केला आणि समाजाचा रोष पत्करला. परंतु तो संबंध माणसांचा आहे, तारखेचा नव्हे. अशा योगायोगात अर्थ शोधू लागलो तर आपण आणि मुहूर्त पाहणारा यांत फरक उरणार नाही.

पण जर्मनीच्या ९ नोव्हेंबरची गोष्ट इतकी सरळ नाही. त्या तारखेवर एकामागून एक चार मोठ्या घटना येऊन पडल्या.

पहिली १९१८ सालची. पहिले महायुद्ध हरण्याच्या बेतात असताना कैसर विल्हेल्म दुसरा याने गादी सोडल्याचे त्या दिवशी बर्लिनमध्ये जाहीर झाले आणि फिलिप शायडेमान याने संसदेच्या इमारतीच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा केली. कामकऱ्यांनी जल्लोष केला. परंतु कैसर हा प्रशियाच्या प्रॉटेस्टंट चर्चचाही प्रमुख होता. सिंहासन आणि वेदी यांचा जुना संबंध तुटला, म्हणून पुष्कळ पाळकांना तो दिवस शोकाचा वाटला. एका दिवसाचे दोन दिवस तेथूनच झाले.

दुसरी १९२३ सालची. हा पराभव व हे प्रजासत्ताक म्हणजे विश्वासघात, आणि त्याला कारण 'नोव्हेंबरचे गुन्हेगार', असे सांगत फिरणाऱ्या हिटलरने म्युनिक शहरात बंडाचा प्रयत्न केला. ९ नोव्हेंबरला त्याची टोळी शहरातून चालून गेली, पोलिसांशी गाठ पडली, गोळीबार झाला. हिटलरच्या बाजूचे सोळा आणि चार पोलीस मरण पावले. बंड फसले. पण दहा वर्षांनी तोच हिटलर सत्तेवर आला आणि ९ नोव्हेंबर हा त्याच्या पक्षाचा हुतात्मा-दिन झाला. दर वर्षी जुने सोबती म्युनिकला जमत, त्याच रस्त्याने चालत, त्या सोळा जणांची नावे घेत. १९३५ साली त्यांच्या शवपेट्या खास बांधलेल्या मंदिरांत नेऊन ठेवल्या. त्या चार पोलिसांचे नाव कोणी घेत नसे. कायद्याचे रक्षण करताना मेलेल्यांची नावे दगडावर येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली.

तिसरी १९३८ सालची. ७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये हर्शेल ग्रिन्झ्पान नावाच्या सतरा वर्षांच्या यहूदी मुलाने जर्मन वकिलातीतील एका अधिकाऱ्यावर गोळी झाडली. त्याच्या आईबापांना व इतर हजारो यहूद्यांना थोड्याच दिवसांपूर्वी जर्मनीतून हाकलून पोलंडच्या सीमेवर सोडले होते. तो अधिकारी ९ तारखेला मेला. बातमी म्युनिकला पोहोचली तेव्हा पक्षाचे सगळे पुढारी जुन्या नगरभवनात वार्षिक स्मरणासाठी जमलेलेच होते. गोबेल्स भाषणाला उभा राहिला, आणि तेथून ते पुढारी आपापल्या गावच्या टोळ्यांना फोन करण्यासाठी उठले. त्या रात्री व दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक सभास्थाने जाळण्यात वा मोडण्यात आली, सुमारे साडेसात हजार दुकाने फोडली गेली, सुमारे तीस हजार यहूदी पुरुषांना धरून छळछावण्यांत नेले. मेलेल्यांचा सरकारी आकडा ९१ होता. खरा त्याहून पुष्कळ मोठा. आगीचे बंब उभे होते, पण ते शेजारच्या इमारतींना झळ लागू नये म्हणून. नंतर यहूद्यांवरच शंभर कोटी मार्कांचा दंड बसवला.

चौथी १९८९ सालची. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९६१ साली बर्लिन शहराच्या मधोमध भिंत घातली होती. ती ओलांडताना किंवा तिच्यापायी निदान १४० माणसे मेली. १९८९ च्या शरद ऋतूत लोक रस्त्यावर आले. लाइपझिग शहरातील संत निकोलसच्या चर्चमध्ये दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होत असे. ९ ऑक्टोबरला प्रार्थना करून लोक हातात मेणबत्त्या घेऊन निघाले, ते वाढत वाढत सुमारे सत्तर हजार झाले. सैन्य सज्ज होते, पण गोळी सुटली नाही. बरोबर एका महिन्याने, ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सरकारचा प्रवक्ता शाबोव्स्की याने पत्रकारांपुढे प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद वाचला. ते नियम केव्हापासून लागू, असे कोणी विचारले. त्याला नीट माहिती नव्हती; तो म्हणाला, आत्तापासून. ऐकून हजारो लोक फाटकांवर गेले आणि मध्यरात्रीच्या आत फाटके उघडली.

आता या चार घटनांकडे पाहा. १९८९ ची तारीख तर एका माणसाच्या घाईगडबडीतून ठरली. परंतु १९२३ आणि १९३८ यांचा संबंध योगायोगाचा नाही. १९३८ चा तो घात त्या रात्री इतक्या झपाट्याने देशभर पसरला, याचे एक कारण असे की ती माणसे तेथे स्मरणासाठीच जमली होती. पंधरा वर्षे त्यांनी एक दिवस पाळला होता, आणि त्या पाळण्याने त्यांचे हात तयार केले होते. म्हणजे दिवस स्वत: काही करीत नाही, पण दिवस पाळणारा करतो. आपण ज्याचे स्मरण वर्षानुवर्षे करतो ते आपल्याला हळूहळू घडवते, हे आपण प्रभुभोजनाविषयी मानतो. मग ते वाईट स्मरणालाही लागू आहे, हे मानले पाहिजे.

येथवर आपण दूरचे प्रेक्षक होतो. आता मात्र गोष्ट आपल्या घरात येते.

मार्टिन ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा. दुसऱ्या दिवशी संत मार्टिनच्या सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणून त्याचे नाव मार्टिन. १९३८ साली ९ तारखेच्या रात्री लागलेल्या आगी १० तारखेला, म्हणजे ल्यूथरच्या जन्मदिवशी, अजून धुमसत होत्या. आयसेनाख गावी थुरिंगियाच्या प्रॉटेस्टंट चर्चचे बिशप मार्टिन सासे राहत असत. ज्या वार्टबुर्ग किल्ल्यात बसून ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले तो किल्ला त्याच गावाच्या वरच्या डोंगरावर आहे. या बिशपांना त्या दोन तारखा जुळलेल्या दिसल्या. त्यांनी एक पुस्तिका काढली. ल्यूथरच्या जन्मदिवशी सभास्थाने जळत आहेत असे त्यांनी त्यात अभिमानाने नमूद केले आणि पुढे ल्यूथरचेच उतारे छापले. उतारे खोटे नव्हते. १५२३ साली ज्या ल्यूथरने यहूद्यांशी प्रेमाने वागा असे लिहिले होते, त्यानेच १५४३ साली, म्हातारपणी, त्यांची सभास्थाने जाळावीत असे लिहिले होते.

त्याच दिवसांत डीट्रिख बॉनहॉफर हे तरुण पाळक पोमेरेनिया प्रांतात काही विद्यार्थ्यांना जवळजवळ लपूनछपून पाळकीचे शिक्षण देत होते. बातमी कळल्यावर त्यांनी आपले पवित्र शास्त्र उघडले. चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात, शत्रूंनी देशातील देवाची सभास्थाने जाळली अशी तक्रार आहे, तेथे त्यांनी खूण केली आणि समासात तारीख लिहिली: ९-११-३८. ते शास्त्र त्यांच्यामागे राहिले. त्यांना स्वत:ला हिटलरच्या सरकारने ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिले.

आणि वुर्टेम्बर्गमधील ओबरलेनिंगेन या खेड्यात युलियुस फॉन यान हे पाळक १६ नोव्हेंबरला, पश्चात्तापाच्या दिवशी, उपदेशपीठावर चढले आणि जे घडले त्याला पाप म्हणून उघड बोलले. नऊ दिवसांनी जमावाने त्यांना मारहाण केली, आणि पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. असे बोलणारे पाळक त्या देशात फार थोडे निघाले.

ही तीन माणसे एकाच चर्चची, आणि ती एकच तारीख वाचीत होती. बिशप सासे यांनी ती आपल्या मोठ्या माणसाच्या जयंतीशी जोडली आणि त्यांना देवाची खूण सापडल्यासारखे वाटले. बॉनहॉफर यांनी ती मार खाणाऱ्यांच्या विलापाशी जोडली. यान यांनी ती आपल्याच लोकांच्या पापाशी जोडली. दिनविशेष तिघांनीही लिहिला म्हणा ना! तारीख जुळली हे तिघांच्याही बाबतीत खरेच होते. फरक एवढाच की कोणाच्या बाजूला उभे राहून ती वाचली.

येथे एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे. तारखा जुळल्या म्हणून त्यांत देवाचे बोट पाहण्याचा मोह आपल्या मंडळ्यांतही आहे. १९८९ नंतर भले भले लोक म्हणू लागले की देवाने मुद्दामच ९ नोव्हेंबरला भिंत उघडून १९३८ चा कलंक धुतला. देवाच्या योजनेवर आमचा विश्वास आहे. पण ज्या रीतीने हे अनुमान काढले जाते ती रीत बिशप सासे यांचीच आहे, हे आम्ही विसरू शकत नाही. एस्तेरच्या पुस्तकात हामानाने यहूद्यांच्या नाशासाठी चिठ्ठ्या टाकून दिवस काढला होता, म्हणजे आपल्या भाषेत मुहूर्तच काढला होता. त्या मुहूर्ताने त्याला तारले नाही. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, या हिशेबात प्रभू येशू शिरला नाही. त्याने ऐकणाऱ्यांना स्वत:च्या पश्चात्तापाकडे वळवले (लूक १३). देवाचे काम पाहायचे असेल तर तारखेत पाहू नये. हातात मेणबत्ती घेतलेल्या माणसाला दगड उचलता येत नाही, तेथे पाहावे.

मग १९९० साली जर्मन लोकांपुढे प्रश्न आला: दोन्ही देश एक झाले, आता राष्ट्रीय सण कोणत्या दिवशी? भिंत उघडली तो ९ नोव्हेंबर सगळ्यांना आधी सुचला. लोकांनी अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या तो दिवस. पण त्यांनी तो निवडला नाही. ज्या दिवशी शेजाऱ्यांची प्रार्थनास्थळे जाळली त्या दिवशी देशाने ढोल वाजवणे बरे नव्हे, असे ठरून करार अमलात आला तो ३ ऑक्टोबर हा दिवस घेतला.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते दोन्ही आमच्या तरुण संघाच्या मुलांनी आपापल्या शब्दांत घेतले होते. पहिला असा: १९८९ साली नाचणाऱ्या तरुणांनी १९३८ साली काही केले नव्हते. बापाच्या पापाचा भार मुलाने का वाहावा? हे शास्त्रालाही धरून आहे. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात पुत्रावर पित्याचा दोष ठेवलेला नाही. पण दोष आणि वारसा या दोन गोष्टी आहेत. जो बापाचे घर घेतो त्याला घरावरचे कर्जही पाहावे लागते. आपण ऑक्टोबरच्या अखेरीस धर्मसुधारणेचा दिवस पाळतो, ल्यूथरचे गीत उभे राहून गातो, शास्त्र आपल्या भाषेत मिळाले म्हणून देवाचे आभार मानतो. हा वारसा आम्ही मोठ्या आनंदाने घेतो. मग १५४३ सालचे त्याचे ते पुस्तक कोणाचे? ते जर्मन लोकांचे आणि गीत मात्र आमचे, असे म्हणता येईल काय? जर्मनीच्या प्रॉटेस्टंट चर्चलाही हे लगेच बोलता आले नाही. १९४५ साली स्टुटगार्ट येथे त्यांनी आपला दोष कबूल केला, पण त्यात यहूद्यांचा उल्लेख नव्हता. तो १९५० साली बर्लिन-वाइसनझे येथील सभेत आला. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन चर्चने ल्यूथरचे ते लिखाण आपले नव्हे असे १९९४ साली जाहीर केले. उशीर झाला खरा. पण त्यांनी ल्यूथरला टाकले नाही, आणि त्याचे पाप झाकलेही नाही. आणि यहूदी आपल्याला परके आहेत असेही समजू नये. कोकणातील बेने इस्राएल लोक कित्येक पिढ्या आपलीच मराठी बोलत आले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या जखमा आठवीत बसल्यानेच नव्या होतात, हे तुम्हीच १९२३ व १९३८ च्या उदाहरणाने दाखवले. मग विसरणेच बरे नाही का? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. विसरण्याने शांती येते असे वाटते, पण ती आमच्या १ नोव्हेंबरच्या उपासनेसारखी असते. दोन दारांनी येण्याजाण्याची. हिटलरच्या पक्षाचा दोष त्यांनी स्मरण केले हा नव्हता. त्यांनी सोळा नावे घेतली आणि चार गाळली, हा होता. ज्या स्मरणात दुसऱ्याच्या मेलेल्यांना जागा नसते ते कधी ना कधी शस्त्र होते. आम्हांला तरी स्मरण पारखण्याची याहून सोपी कसोटी सापडली नाही: या दिवशी आम्ही कोणाचे नाव गाळतो आहोत?

पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच वाद आहे. कोणी एक दिवस दुसऱ्याहून मोठा मानीत होता, कोणी सर्व दिवस सारखे मानीत होता. पौल कोणाचाही दिवस काढून घेत नाही. जो पाळतो त्याने तो प्रभूसाठी पाळावा, एवढे सांगतो. पण लगेच पुढे जाऊन म्हणतो की, तुझ्या खाण्याने तुझा भाऊ दु:खी होत असेल तर तू प्रीतीने चालत नाहीस. खाण्याचा हक्क होता. तरी भावासाठी तो सोडावा. जर्मन लोकांनी ९ नोव्हेंबरचा आनंद करण्याचा आपला हक्क सोडला, तो याच जातीचा त्याग आम्हांला वाटतो. त्यांनी दिवस टाकून दिला असेही नाही. आजही त्या तारखेला तेथे काही लोक, मारल्या गेलेल्या यहूद्यांच्या घरांसमोर फूटपाथमध्ये बसवलेल्या लहान पितळी फरशा गुडघे टेकून पुसतात, शेजारी मेणबत्ती ठेवतात.

बर्लिनमध्ये भिंतीच्या जागी एक 'समेटाचे चर्च' होते. १९६१ साली भिंत झाली तेव्हा ते दोन्ही बाजूंच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात सापडले. उपासकांना जाता येईना. १९८५ साली सरकारने ते सुरुंग लावून पाडले. भिंत गेल्यावर मंडळीने त्याच जागी लहानसे मंदिर बांधले. भिंती मातीच्या, धुमसाने ठोकलेल्या, आणि त्या मातीत जुन्या चर्चच्या फुटक्या विटांचा चुरा कालवलेला. त्याचे समर्पण त्यांनी ९ नोव्हेंबर २००० रोजी केले. आजूबाजूला, जेथे पहारेकरी बंदुका घेऊन फिरत, तेथे राय नावाचे धान्य पेरतात. आम्हांला तो चुरा फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी मोडलेल्या विटा गाडीत भरून दूर नेऊन टाकल्या नाहीत, आणि तशाच ढिगाऱ्यात ठेवून त्याच्याभोवती रडत बसलेही नाहीत. नव्या भिंतीत त्या घातल्या. भिंतीला हात लावला की त्या दिसतात.

आता आमच्या फळ्याकडे येऊ. मुलांना आमचे उत्तर असे की, गुरुजींची ओळ राहील. पुढच्या ९ नोव्हेंबरला तीच ओळ मुलांनी स्वत: लिहावी आणि अक्षर इतर ओळींइतकेच मोठे काढावे. जागा पुरत नसेल तर इक्बालांची जयंती वहीत लिहून ठेवावी. कवी रागावणार नाहीत. भिंत खुली झाल्याचा आनंद त्याने कमी होत नाही. ज्याने आग पाहिली आहे त्यालाच उघड्या फाटकाची किंमत अधिक कळते.

आणि १ नोव्हेंबर? सीमेचा निवाडा करणे हे फळ्याचे काम नव्हे, आमचेही नव्हे. त्यासाठी न्यायालये आहेत, सरकारे आहेत. मराठी बंधूने काळी फीत सोडावी किंवा कन्नड बंधूने ध्वज उतरवावा असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही उपासनांच्या मधल्या वेळात आम्ही कन्नड मंडळीच्या वडील बंधूंना भेटलो आणि विचारले की, हा दिवस तुम्हांला कशासाठी प्रिय आहे ते आमच्या मुलांना येऊन सांगाल काय? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सांगतो. पण मग तुमच्याकडच्या कोणी आमच्या मुलांना तुमचे सांगावे लागेल. माझ्या नातवाला वाटते की तुम्ही त्या दिवशी उगाच रागावता." इतकी वर्षे एकाच बाकावर बसून आम्ही एकमेकांना हे विचारले नव्हते.

तेव्हा पुढच्या १ नोव्हेंबरला फळ्यावर तीन ओळी असतील. 'सर्व संतांचा दिवस' ही पहिली. दुसरी कन्नड मुले आपल्या लिपीत लिहितील, तिसरी आमची मुले. लिहिण्याआधी एकाची ओळ दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवायची, असे ठरले आहे. आमच्या मुलांना कन्नड वाचता येते, त्यांच्यातील काहींना मराठी अडखळत येते. फळा लहानच आहे, म्हणून अक्षर जपून काढावे लागेल. त्या दिवशी उपदेश पुन्हा आमच्याकडे आला तर या वेळी फाटकाबाहेरच्या रस्त्याविषयी बोलण्याचे धैर्य प्रभूने द्यावे, अशी वाचकांनी आमच्यासाठी प्रार्थना करावी.